उंबऱ्याच्या आतली करुणा

रॉब पोर्टमन हे अमेरिकेतल्या ओहायो राज्याचे रिपब्लिकन सिनेटर होते. पंथाने मेथॉडिस्ट, स्वभावाने सौम्य, अर्थकारणात मुरलेले आणि सामाजिक प्रश्नांवर पक्षाची चाकोरी न सोडणारे. विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, असे ठरवणारा कायदा १९९६ साली अमेरिकी संसदेपुढे आला, तेव्हा प्रतिनिधिगृहाचे सदस्य म्हणून त्यांनी त्याच्या बाजूने मत दिले. फेब्रुवारी २०११ मध्ये येल विद्यापीठात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने आईवडिलांना आपण समलिंगी असल्याचे सांगितले. दोन वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, पोर्टमन यांनी ‘कोलंबस डिस्पॅच’ या आपल्या राज्यातल्या वर्तमानपत्रात लेख लिहून समलिंगी विवाहाला पाठिंबा जाहीर केला.

सनातनी गोट त्यांच्यावर रागावणार हे उघडच होते. पण उदारमतवादी स्तंभलेखकही त्यांच्यावर तुटून पडले. स्वतःच्या पोरावर आले तेव्हाच डोळे उघडले का, हा त्यांचा सवाल. मग आरोग्यविमा नसलेल्यांचे काय, किमान वेतनावर राबणाऱ्यांचे काय, कागदपत्रांविना सीमा ओलांडून आलेल्यांचे काय? असा मुलगा सिनेटरच्या घरी कधी जन्मणार?

हा सवाल चिमटा काढण्यासाठी विचारला गेला होता. मला मात्र तो त्याहून बराच मोठा वाटतो. धर्मनिष्ठ, परंपरा मानणारी माणसे केव्हा बदलतात, कशी बदलतात आणि कुठवर बदलतात, याचा उलगडा त्यात आहे. अनुभवाने माणूस बदलतो हे खरे. पण कोणता अनुभव कोणाच्या घरात शिरेल, हे समाजरचनेने आधीच ठरवून ठेवलेले असते. काही दुःखे कुठल्याही घरी जन्म घेतात. काही दुःखांना उंबऱ्याच्या आत येण्याची वाटच ठेवलेली नसते. पहिल्या प्रकारच्या दुःखापर्यंत करुणा आपल्या पायांनी चालत जाते. दुसऱ्यापाशी तिचा उपयोग फार थोडा असतो, आणि तिथे तिच्या भरवशावर राहणे म्हणजे अन्यायाला मुदतवाढ देणे.

आधी पोर्टमन यांच्या बाजूने थोडे बोलले पाहिजे. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात निंदा नसते. माणसाची रीत सांगितलेली असते. उदारमतवादी माणूस या रीतीला अपवाद आहे, असे मानायला काही आधार नाही. त्यालाही त्याची मते बहुधा घरातून, महाविद्यालयातून, मित्रांच्या कोंडाळ्यातून मिळालेली असतात, आणि ती बाळगण्यासाठी त्याला सहसा काही गमवावे लागत नाही. धर्मनिष्ठ माणूस मत बदलतो तेव्हा चर्चमधले शेजारी, पक्ष, भाऊबंद, कधीकधी स्वतःचे आईवडीलही दुरावतात. फुकट मिळालेल्या मतापेक्षा किंमत मोजून घेतलेले मत कमी दर्जाचे कसे म्हणावे?

दुसरे असे की, परंपरावादी नीतीची सुरुवातच नात्यापासून होते. अखिल मानवजात ही त्या नीतीत फार नंतर येते. आधी मुलगा, बहीण, शेजारी, आपल्या मंडळीतला माणूस. तेव्हा या माणसाच्या मनात काही हलणार असेल, तर ते घरातूनच हलणार. बाहेरच्याला जो स्वार्थ वाटतो, तो पुष्कळदा त्याच्या नीतीचा नेहमीचा मार्ग असतो.

हे नुसत्या किश्शांवर उभे नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक ॲडम ग्लिन आणि माया सेन यांनी अमेरिकेच्या अपील न्यायालयांतल्या न्यायाधीशांच्या निकालांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. ज्यांना मुलगी आहे असे न्यायाधीश, फक्त मुलगे असलेल्यांच्या तुलनेत, स्त्रियांशी संबंधित खटल्यांत स्त्रियांच्या बाजूने अधिक झुकतात, असे त्यांना आढळले. त्यातही हा फरक मुख्यतः रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या पुरुष न्यायाधीशांमुळे पडत होता. म्हणजे मुलीकडून शिकण्यासारखे सर्वांत जास्त ज्यांच्याकडे शिल्लक होते, तेच सर्वांत जास्त शिकले.

सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट हे राज्यांच्या अधिकारांचे कट्टर कैवारी. २००३ साली कौटुंबिक रजेच्या एका खटल्यात त्यांनी नेवाडा राज्याच्या विरोधात आणि कर्मचाऱ्याच्या बाजूने निकालपत्र लिहिले. ते वाचून न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या पतीने बायकोला विचारले, हे तू लिहिलेस का? रेन्क्विस्ट यांच्या मुलीचा घटस्फोट झाला होता आणि नातींसाठी आजोबांनी काहीसा वडिलांचा भार उचलला होता; त्या अनुभवाचा या निकालात वाटा असावा, असे गिन्सबर्ग यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले.

पीट डोमेनिची हे न्यू मेक्सिकोचे कॅथलिक रिपब्लिकन सिनेटर, तर पॉल वेलस्टोन हे मिनेसोटाचे डावीकडे झुकलेले डेमोक्रॅट. राजकारणात दोघांची तोंडे दोन दिशांना. पण डोमेनिची यांच्या मुलीला स्किझोफ्रेनिया होता आणि वेलस्टोन यांच्या थोरल्या भावाचे आयुष्य मानसिक आजाराने ग्रासलेले होते. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच वागवावे, यासाठीचा पहिला केंद्रीय कायदा या जोडीने १९९६ साली करून घेतला. २००८ चा अधिक व्यापक कायदा या दोघांच्याच नावाने ओळखला जातो. आजार दार ठोठावताना पक्ष विचारत नाही.

मात्र अनुभवापुढे एक अडचण असते. तो स्वतःहून काही बोलत नाही. त्याला बोलते करावे लागते, आणि ते काम परंपरा करते. पोर्टमन यांच्या लेखानंतर काही आठवड्यांतच ॲरिझोनाचे मॉर्मन काँग्रेस सदस्य मॅट सामन यांनी सांगितले की, आपला मुलगा समलिंगी आहे, त्याच्यावर आपले प्रेम आहे, तरीही विवाहाबद्दलचे आपले मत बदललेले नाही. अनुभव तोच, निष्कर्ष उलटा. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या घरात तर हा फरक एकाच छपराखाली दिसला. धाकट्या लेस्बियन मुलीमुळे चेनी या प्रश्नावर आपल्याच राष्ट्राध्यक्षांपासून वेगळे उभे राहिले. थोरली मुलगी लिझ २०१३ साली वायोमिंगमधून सिनेटच्या उमेदवारीसाठी उतरली, तेव्हा तिने समलिंगी विवाहाला विरोध जाहीर केला आणि बहिणीने तो जाहीरपणे खोडून काढला. आपले चुकले हे म्हणायला लिझ यांना २०२१ साल उजाडावे लागले. सख्खी बहीण डोळ्यांसमोर असूनही मधली आठ वर्षे गेली.

हे कोडे महाराष्ट्राला नवे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण घरांत बालविधवा किती जवळ होती! ती कुणाची तरी लेक, बहीण, भावजय होती. वस्तऱ्याखाली गेलेले केस, अंगावर अलवण, एक वेळचे जेवण, मंगलकार्यात तोंड न दाखवण्याची शिस्त: हे सगळे बापाच्या आणि भावाच्या डोळ्यांदेखत चालले होते. ते सगळे बाप निर्दय होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांतल्या पुष्कळांना लेकीचे हाल बघवत नसणार. तरी न्हावी ठरल्या दिवशी बोलावला जाई. कारण त्या हालांचा अर्थ परंपरेने आधीच लावून ठेवला होता. हे तिचे प्रारब्ध, पूर्वसंचित. पतीच्या मागे वैराग्य हाच तिचा धर्म. अशा घरात करुणेची वाण नव्हती. हे वेगळे असू शकते ही शंका तेवढी नव्हती.

ती शंका आली तीही परंपरेच्याच भाषेत. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार काढला, १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, आणि विद्यासागरांचे पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांच्या पीठापुढे या विषयावर शास्त्रार्थ झाला. त्यात सुधारकांची बाजू हरली. पण जे कर्मठ त्यांच्याशी एरवी एक शब्दही बोलले नसते, ते पोथ्या उघडून समोर बसले. ज्याच्या घरी विधवा लेक होती, त्याला त्या दिवसापासून एवढे तरी कळले की या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि तीही शास्त्रातूनच मांडता येते. पोर्टमन यांनीही आपल्या लेखात नुसता मुलगा पुढे केला नव्हता. बायबलमधल्या प्रेमाच्या आणि करुणेच्या शिकवणीचा आधार घेतला होता. मुलाने त्यांना धक्का दिला आणि धर्माने उभे राहायला जमीन दिली.

शंका आली तरी धीर येतोच असे नाही. विधवाविवाहाच्या चळवळीत वावरणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली. त्यांनी विधवेशी लग्न करावे ही मित्रांची अपेक्षा. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न लागले. वीस वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी मित्राच्या बालविधवा बहिणीशी, गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांनाही लागली. जवळचा अनुभव, धर्माचा आधार आणि किंमत देण्याची तयारी हे तिन्ही एका माणसात एकत्र यावे लागते, तेव्हा कुठे एक लग्न लागते.

इथवर गोष्ट आशेची आहे. आता तिची दुसरी बाजू पाहू.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कमालीचे कर्मठ. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले, आणि पुढे तिने मुलीला शिकवले. धर्माधिकाऱ्यांनी जाब विचारला तेव्हा शास्त्रवचने काढून आपली बाजू मांडली, आणि मानहानी टळत नाही असे दिसताच जंगलात जाऊन राहिले. एका सनातनी माणसाने शास्त्राच्या बळावर केवढी मजल मारली, याचे हे विलक्षण उदाहरण. पण याच अनंतशास्त्र्यांनी जातीचे नियम काटेकोर पाळले, असे रमाबाईंनीच नोंदवून ठेवले आहे. स्त्रीसाठी ज्यांनी पोथ्या पालथ्या घातल्या, त्यांना अस्पृश्यासाठी एकही पान उलटावेसे वाटले नाही. असे का व्हावे?

बुद्धी कमी पडली म्हणावे, तर ती प्रखर होती. मनही कोते नव्हते. स्त्री घरात होती, अस्पृश्य घरात नव्हता, आणि घरात येऊही शकत नव्हता. आपल्याकडच्या पांढरपेशा सुधारणेचा क्रम पाहिला तर हेच दिसते. संमतिवय, केशवपन, विधवाविवाह, स्त्रीशिक्षण हे प्रश्न उंबऱ्याच्या आतले होते, म्हणून त्यांच्यावर वाद तरी पेटले. वेशीबाहेरच्या माणसाचा प्रश्न उपस्थित करायला जोतीराव फुल्यांसारखा, त्या घरांच्या बाहेरचा माणूस लागला.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना वाचलेल्या निबंधात, जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे असे दाखवले. स्त्रीची लैंगिकता, मालमत्ता, वंशशुद्धी या अंगांनी त्या सिद्धांताची पुष्कळ चर्चा झाली आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जातीअंतर्गत विवाह ही अनुभवाची नाकेबंदी आहे. तिच्यामुळे देशपांड्यांच्या घरी विधवा जन्मू शकते, वेडाचा झटका आलेला मुलगा जन्मू शकतो, समलिंगी मुलगी जन्मू शकते. पण कांबळ्यांचे दुःख त्या घरी कधीच जन्माला येत नाही. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ ही म्हण आपण सहजपणे फेकतो. ज्या समाजाने वंश बदलण्याची वाटच बंद केली, त्या समाजात कधीच न कळण्याचीही सोय झाली.

या नाकेबंदीचा उलटा पुरावा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईचा नवरा, कवी नारायण वामन टिळक, फेब्रुवारी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाईंनी आकांत केला, काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, नंतर नवऱ्याजवळ गेल्या तरी आपले सोवळे सांभाळत राहिल्या. पण आता बाटलेला माणूस म्हणजे त्यांचा स्वतःचा नवरा होता. कुंपण त्यांच्या घराच्या मधोमध येऊन उभे राहिले होते. त्यातूनच जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नापर्यंत त्या पोचल्या आणि सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचे धर्मांतर झाले नसते, तर एवढ्या तल्लख, मोकळ्या मनाच्या बाईलाही हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे निमित्त कधी मिळाले असते, याची शंका वाटते.

यावर कोणी म्हणेल, घरात नसले तरी संबंध होतेच की. गावाचा वेसकर होता, मेलेली ढोरे ओढणारा होता, झाडलोट करणारी होती. रोज नजरेसमोर होते. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहावर लिहिलेल्या ग्रंथात याचे उत्तर सापडते. दोन गटांचा संपर्क आला की पूर्वग्रह वितळतो, एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. दोघांचा दर्जा समान असावा, काम समाईक असावे, आणि सत्तेचा त्या संपर्काला पाठिंबा असावा, अशा अटी त्यांनी घातल्या होत्या. ओसरीखाली उभे राहून वरून टाकलेली भाकरी झेलणे हा रोजचा संपर्क होता, आणि तो रोज एकच धडा गिरवून घेत होता: तू खाली, मी वर. असा संपर्क शंभर पिढ्या चालला तरी त्यातून करुणा फार तर दानापर्यंत पोचते.

अमेरिकेच्या दक्षिणेत तर रक्ताचे नातेही याच अटीपाशी हरले. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थरमंड हे बाप्टिस्ट, वंशविभक्तीचे कडवे पुरस्कर्ते. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाच्या विरोधात ते सिनेटमध्ये २४ तास १८ मिनिटे सलग बोलले. त्यांच्या मृत्यूनंतर २००३ साली एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स यांनी जाहीर केले की, थरमंड हे आपले वडील. आई थरमंड यांच्या वडिलांच्या घरी काम करणारी कृष्णवर्णीय मुलगी. थरमंड या मुलीला गुपचूप भेटत, शिक्षणासाठी पैसे देत. म्हणजे माया होती. पण ती मुलगी त्यांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत कधी आली नाही, म्हणून ती माया त्यांच्या राजकीय मतापर्यंतही पोचली नाही. मुलगी असणे पुरत नाही. ती घरात असावी लागते.

आता समलिंगी हक्कांची चाल याच्याशेजारी ठेवून पाहा. १९८६ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जियाचा कायदा ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केला. निर्णायक मत न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांचे. आपण आजवर एकाही समलिंगी माणसाला भेटलेलो नाही, असे ते आपल्या कायदा-साहाय्यकाला म्हणाले. तो साहाय्यक स्वतः समलिंगी होता. तसे सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही. १९९० साली, निवृत्तीनंतर, पॉवेल यांनी त्या मताबद्दल आपली बहुधा चूक झाल्याचे मान्य केले. इथे अनुभव घरातच, टेबलापलीकडे बसलेला होता. फक्त त्याने तोंड उघडायचे होते. सॅन फ्रान्सिस्कोचे नगरसेवक हार्वी मिल्क यांनी १९७८ सालीच हे ओळखले होते. समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा प्रस्ताव कॅलिफोर्नियात मतदानाला आला, तेव्हा आपल्या आईवडिलांना, मित्रांना, सहकाऱ्यांना आपण कोण आहोत ते सांगा, असे आवाहन त्यांनी केले. प्रस्ताव पडला. पुढे असे सांगणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि कट्टर धर्मनिष्ठ घरांतही कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी लेक दिसू लागली. गॅलपच्या पाहणीत १९९६ साली २७ टक्के अमेरिकन समलिंगी विवाह मान्य करत होते. २०२३ साली ७१ टक्के. भारतातही २०२३ साली विवाहहक्काची सुनावणी चालू असताना ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यांतल्या प्रत्येकाचा प्रवास घरातल्या एका संभाषणातून सुरू झालेला असणार.

कुंपणापलीकडच्या माणसाला ही वाट मोकळी नाही. दलिताने सवर्ण आईबापांपुढे मी दलित आहे असे सांगण्याचा प्रसंग येत नाही, कारण तो त्या घरी जन्मलेलाच नसतो. मग त्याने काय करावे? लोकमान्य टिळकांनी मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत, अस्पृश्यता मानणाऱ्या देवाला आपण देव म्हणणार नाही, अशा आशयाचे भाषण केले. टाळ्या पडल्या. पण आपण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर सही करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सही केली नाही. सहानुभूती आणि सही यांच्यातले हे अंतर आंबेडकरांनी नीट मोजले होते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी ते महाडच्या तळ्यावर गेले ते कुणाचे मन द्रवावे म्हणून नव्हे, तर पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी. १९३० साली नाशिकचे काळाराम मंदिर सत्याग्रहाने हादरले, वर्षानुवर्षे हादरत राहिले, तरी दरवाजे उघडले नाहीत. रामभक्तांच्या करुणेची परीक्षा घेऊन झाली आणि १९३५ साली येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली.

कुंपण जिथे पक्के असते, तिथे कायदा आणि हक्क यांनी आधी चालावे लागते, मन मागून येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंतरवंशीय विवाहांवरची बंदी रद्द केली. पुढच्या वर्षी गॅलपने विचारले तेव्हा जेमतेम २० टक्के लोकांना असे विवाह पसंत होते. लोकांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहिली असती तर किती पिढ्या गेल्या असत्या? २०२१ साली हाच आकडा ९४ टक्क्यांवर होता. नियमाने आधी घरांची दारे उघडली, घरांत माणसे आली, आणि मग अनुभवाला काम करायला जागा मिळाली.

याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. वरून लादलेला नियम मनात रुजत नाही, उलट राग साठवतो. भारताने अस्पृश्यता घटनेच्या १७ व्या कलमाने रद्द केली, तरी ती गेली का? शिवाय समलिंगी विवाहाला रिपब्लिकन मतदारांचा पाठिंबा गॅलपच्या पाहणीत २०२१ साली ५५ टक्के होता. २०२५ साली तो ४१ वर घसरला. म्हणजे पुढे गेलेले मनही मागे येते. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा धडा मला वेगळा दिसतो. ती घसरण नियमाबद्दल जितके सांगते, तितकेच अनुभवाबद्दलही सांगते: घरातल्या अनुभवावर उभे राहिलेले मतही, पक्षाचे आणि धर्मपीठाचे वारे फिरले की डळमळते. अशा वेळी त्या माणसांना तारून नेतो तो लिहून ठेवलेला नियमच. २०२२ साली अमेरिकी सिनेटने समलिंगी विवाहांना कायद्याचे संरक्षण दिले, तेव्हा १२ रिपब्लिकनांनी साथ दिली आणि विधेयकाच्या पुरस्कर्त्यांत पोर्टमन होते. वडिलांच्या मायेचे कलम झाले, हे त्यांचे मोठे काम. राहिला १७ व्या कलमाचा प्रश्न. त्या कलमाने विहीर आणि देऊळ उघडण्याचा अधिकार दिला. लग्नाचा मांडव तो उघडू शकत नव्हता. २०११-१२ च्या भारतीय मानवविकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास दिसते. नाकेबंदी शाबूत आहे, मग अनुभव कुठून येणार?

धर्मनिष्ठ माणसाला घराबाहेर नेणारा आणखी एक रस्ता आहे, तो त्याच्याच धर्माने आखलेल्या कर्तव्याचा. सी. एव्हरेट कूप हे फिलाडेल्फियाचे बालशल्यविशारद, इव्हँजेलिकल ख्रिस्ती, गर्भपाताचे कडवे विरोधक. म्हणूनच राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना देशाचे सर्जन जनरल केले. १९८६ साली एड्सवरचा अहवाल लिहिताना त्यांनी लैंगिक शिक्षण आणि निरोध यांबद्दल स्पष्ट लिहिले; १९८८ साली दहा कोटींहून अधिक घरांत माहितीपत्रक पाठवले. त्यांना नेमणारे चवताळले. कूप यांची समलैंगिकतेबद्दलची धार्मिक मते तशीच राहिली, आणि हे त्यांच्या वागण्याला छेद देत नव्हते. रोगी हा रोगी असतो आणि वैद्याने त्याला वाचवायचे असते, हे कर्तव्य त्यांनी आपल्या श्रद्धेइतकेच गंभीरपणे घेतले. आपल्याकडे साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. विठ्ठलावर श्रद्धा असलेल्या माणसाने विठ्ठलाच्याच दारात, वारकऱ्यांना कळेल अशा भाषेत मागणी केली, आणि दार उघडले. दोघांनीही परक्याला कृत्रिमपणे नातेवाईक बनवले नाही; परक्याचे परकेपण मान्य करून आपले कर्तव्य निभावले. अनुभवाला जिथे वाट नाही, तिथे कर्तव्याला असते.

आपल्या रोजच्या बोलण्यात एक प्रश्न येतो: तुला आया-बहिणी नाहीत का? रस्त्यावर छेड काढणाऱ्याला हा प्रश्न विचारला जातो आणि कधीमधी तो लागू पडतो, कारण आई तरी प्रत्येकाला असते. पण हा प्रश्न बेघर माणसासाठी, सफाई कामगारासाठी, शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुसलमानासाठी विचारून पाहा. तो विचारताच येत नाही. आपली नीती जर या एकाच प्रश्नावर चालत असेल, तर ती अर्ध्या गावापुरतीच चालेल.

आणि इथे सनातन्यांकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांच्याही विवाहविषयक जाहिरातींत जातीची अट नाही असे मोठ्या अक्षरांत लिहून पुढे ‘एससी/एसटी क्षमस्व’ असे बारीक अक्षरांत येते. भाड्याने घर देताना आडनाव विचारले जाते आणि आडनाव ऐकल्यावर घर कालच गेलेले असते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाने गोरी सून आणली तर तिचे औक्षण होते. नागपूरची बौद्ध सून म्हटली की आईला रक्तदाबाचा त्रास सुरू होतो. ही माणसे देवपूजा करतात की नाही, याने यात फार फरक पडत नाही. धर्मनिष्ठ माणूस निदान आपल्या कुंपणाचे कारण उघड सांगतो.

म्हणून पोर्टमन यांना हसणे मला पटत नाही आणि त्यांच्यावर खूश होऊन थांबणेही पटत नाही. ज्याच्या घरी दुःख येऊन पोचले आणि ज्याने त्याला जागा दिली, त्याचे स्वागत करावे. त्याला आपल्या धर्मग्रंथातून आधार शोधू द्यावा, कारण त्या आधाराशिवाय तो उभा राहणार नाही. पण ज्यांचे दुःख त्याच्या घरी कधीच पोचणार नाही, त्यांना धीर धरा, मने बदलत आहेत, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपण प्रत्येकाने स्वतःला विचारायचा प्रश्न साधा आहे: आपल्या घरात कोण कधीच जन्मू शकत नाही, आणि ही व्यवस्था कोणी लावली? उत्तरात ज्यांची नावे येतील, त्यांच्या बाबतीत आपल्या हळहळीवर आपणच विश्वास ठेवू नये. त्यांच्यासाठी कायदा मागावा, तो पाळला जातो की नाही हे पाहावे, आणि मुलांची लग्ने ठरवताना त्या नाकेबंदीतली निदान आपली चौकी उठवावी.